रस्ता वर येतोय, घर खाली जातंय: बजेटच्या सभेत विचारू काय?

उंबरठा · २ डिसेंबर २०२४, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. गावाचं नाव लिहीत नाही. कर्नाटकातल्या निपाणी ते संकेश्वर पट्ट्यातलं, पुरसभा (म्हणजे लहान नगरपालिका) असलेलं कुठलंही गाव धरा.

आजोबांनी घर बांधलं तेव्हा दाराला चार पायऱ्या होत्या. तिसऱ्या पायरीवर बसून आम्ही बेंदराचे मातीचे बैल रंगवायचो. आज जेमतेम अर्धी पायरी दिसते. बाकीच्या कुठं गेलेल्या नाहीत, जागच्या जागी आहेत, रस्ता त्यांच्यावर चढलाय. चार-पाच वर्षांनी एकदा टिप्पर येतो, जुन्या डांबरावर खडी पडते, रोलर फिरतो, नारळ फुटतो, फोटो निघतो. मधे एकदा काँक्रीट झालं, तेही जुन्याच्या डोक्यावरच. यंदा जुलैत पहिल्यांदा पाणी उंबरा ओलांडून सोप्यात आलं. आईनं तांदळाचं पोतं पलंगावर चढवलं आणि पहाटेपर्यंत खराट्यानं पाणी लोटत बसली.

गंमत पुढंच आहे. गेल्या वर्षी मी बजेटच्या सभेला गेलो होतो आणि हात वर करून एवढंच म्हणालो, "आमच्या गल्लीचा रस्ता खराब झालाय, करून द्या." मार्चमध्ये दिला की करून! आणखी एक थर. मागणारा मीच, त्यामुळं गल्ली आता माझ्याकडंच बघते.

यंदाची नोटीस परवा कन्नड पेपरात आली. लेक मराठी शाळेत आठवीला आहे, कन्नड तिला माझ्यापेक्षा बरं येतं. तिनं वाचून दाखवलं: २०२५-२६ च्या 'आयव्यया'साठी, म्हणजे बजेटसाठी, नागरिकांची पूर्वभावी सभा, १७ तारखेला सकाळी ११ वाजता. तर जाणकारहो, या वेळी तोंड उघडायचं ते काय म्हणून उघडायचं?

तंबाखूपेठ · २ डिसेंबर, रात्री ११.०५

भावा, आमच्याच गावचा दिसतोस. रस्ता झाला म्हणून रडणारा तू पहिलाच बघितला. आमच्याकडं नाही म्हणून रडायलेत.

वॉर्ड_तेरा · ३ डिसेंबर, सकाळी ७.२०

नगरसेवकाला धरा की. सभेत काय मिळणार, चहा आणि बिस्किट.

निवृत्त_गुमास्ता · ३ डिसेंबर, दुपारी ३.१५

एकतीस वर्षं याच खात्यात काढली, चार गावं फिरलो. लांब लिहितोय, कंटाळा आला तर सोडून द्या.

बजेटचं पुस्तक जाड असतं, पण गावाच्या मर्जीनं खर्चायचा पैसा त्यात थोडा असतो. १५ व्या वित्त आयोगाचं अनुदान आपल्यासारख्या लहान शहरांना येतं तेच ६० टक्के बांधून येतं: ३० टक्के पिण्याच्या पाण्याला, ३० टक्के स्वच्छता आणि कचऱ्याला. उरलेले ४० मोकळे, पण पगाराला हात लावायचा नाही. राज्य वित्त आयोगाकडून येतं त्यात पगार आणि हेस्कॉमचं (वीज कंपनीचं) बिल मोठं. पथदिवे आणि पाण्याच्या मोटारी किती खातात ते बिल बघितल्याशिवाय कळत नाही. राहिलं स्वतःचं उत्पन्न: घरफाळा, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं, लायसन. त्यातले २४.१० टक्के अनुसूचित जाती-जमातींसाठी, ७.२५ टक्के इतर दुर्बल घटकांसाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी बाजूला काढायचे असतात. काढायलाच हवेत. मी काढलेले बघितलेत आणि नुसते कागदावर काढलेलेही बघितलेत.

आणि घरफाळ्याचं चलन कधी नीट वाचलंय का? एक हजार रुपये घरफाळा असला तर त्यावर १५० आरोग्य सेस, ६० ग्रंथालय सेस, ३० भिक्षुक सेस. लोकांना वाटतं सगळं पुरसभेच्या पोटात गेलं. ते गोळा करून पुढच्या खात्यांना पाठवायचे पैसे असतात. (वाचनालयात मराठी पेपर येत नाही म्हणून भांडायचं असेल तर हे ६० रुपये ध्यानात ठेवा. देणाऱ्यानं विचारावं.)

आता सभेचं. पुस्तकात 'मुंदुवरिद कामगारि' असं सदर असेल, म्हणजे मागून पुढं आलेली कामं. तुमची गल्ली तिथं असली तर नवं काही मागू नका, जुनं का राहिलं ते विचारा. 'चरंडी' म्हणजे गटार, 'बीदि दीप' म्हणजे पथदिवे. एवढे शब्द आले तरी अर्धं पुस्तक कळतं.

पण उंबरठा, तुमच्या दुखण्याचं औषध बजेटात नाही, एस्टिमेटात आहे. रस्त्याच्या एस्टिमेटात जुना थर खरवडून काढणे अशी बाब असू शकते. होती का? असली तर एमबीत, म्हणजे मेजरमेंट बुकात, तिचं माप चढलंय का? जेई (कनिष्ठ अभियंता) माप लिहितो, वरचा साहेब तपासतो, मग बिल निघतं. सभेत 'रस्ता करा' म्हणू नका आणि 'रस्ता करू नका' असंही म्हणू नका. 'खरवडून करा, आणि गेल्या खेपेला खरवडला होता का ते दाखवा' एवढंच म्हणा.

वॉर्ड_तेरा, नगरसेवकाचं म्हणता. आपल्या पट्ट्यातल्या बऱ्याच जणांना ३१ ऑगस्ट २०१८ ला मतं दिली, आठवतं? अध्यक्ष-उपाध्यक्षांचं आरक्षण कोर्टात अडकलं आणि ऑक्टोबर २०२० उजाडला. दोन वर्षं निवडून आलेली माणसं नुसती ओळखपत्र घेऊन फिरत होती. अडीच वर्षांची पहिली पाळी २०२३ मध्ये संपली, पुढच्या पाळीचं आरक्षण यायला ऑगस्ट २०२४. मधल्या काळात खुर्चीवर प्रशासक. नगरसेवकाला जरूर धरा, पण त्याच्या हातात किती दिवस होते तेही मोजा.

सीमावासी · ३ डिसेंबर, संध्याकाळी ६.३०

मूळ प्रश्नाला कुणी हात लावत नाही. नोटीस कन्नडमध्येच का? जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही काढायच्या, हे केंद्राचं १९५६ पासूनचं धोरण आहे. आमच्या म्हाताऱ्यांनी सभेची तारीख नातीकडून वाचून घ्यायची? महाराष्ट्रात असतो तर ही वेळच आली नसती.

पलीकडचा · ३ डिसेंबर, रात्री ८.१०

गडहिंग्लजच्या बाजूचा आहे, राग मानू नका. नोटीस मराठीत येते हे खरं. पण सभेत बोलायला नगरसेवक कुठाय? ओबीसी आरक्षणाच्या खटल्यात निवडणुका लटकल्या, कोल्हापूर महापालिका नोव्हेंबर २०२० पासून प्रशासकाच्या हातात आहे. आमच्या गल्लीतही पायऱ्या बुडाल्यात. मराठीत बुडाल्या एवढंच.

सीमावासी · ३ डिसेंबर, रात्री ८.२५

पायऱ्यांचं सोडा. भाषेचा हक्क आणि गटार एका तागडीत तोलू नका. २००५ मध्ये बेळगाव महापालिकेनं महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला तेव्हा अख्खी महापालिका बरखास्त झाली. ठराव करायलाही किंमत मोजावी लागलेली माणसं आहोत आम्ही.

चावडी_व्यवस्थापक · ३ डिसेंबर, रात्री ९.००

सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे, चौऱ्याण्णव पानांचा. तिकडं जा. नोटिशीच्या भाषेचा मुद्दा इथं चालेल.

बसवेश्वर_गल्ली · ३ डिसेंबर, रात्री १०.१५

नमस्कार. मी घरी कन्नड बोलतो, मराठी गल्लीत शिकलो, चुकलं तर सांभाळून घ्या. सीमावासी मामा, नोटीस दोन्ही भाषेत पाहिजे, मी पण सही करतो. खरं सांगू का, ती नोटीस माझ्या अव्वाला पण कळली नाही. सरकारी कन्नड वेगळंच असतंय.

उंबरठा अण्णा, तुम्हाला माहिती अधिकाराचा अर्ज लिहून पाहिजे तर मी लिहून देतो. कायद्याच्या कलम ६ मध्ये अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत असं आहे, मराठीतला परत करतील. आणि कर्नाटकात एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत. फी १० रुपये. लोक तिथंच फसतात, चार पानं तक्रार लिहितात आणि अर्ज बाद होतो.

सिव्हिलवाली · ४ डिसेंबर, सकाळी ९.४०

गुमास्ता काकांनी कागदाचं सांगितलं, मी मातीचं सांगते. खाजगीत साइटवर काम करते.

सभेला जाताना "पाणी येतं" असं म्हणून जाऊ नका, आकडा घेऊन जा. गवंड्याकडून लेव्हलची पारदर्शक नळी मागून घ्या, पाणी भरा, बुडबुडा राहू देऊ नका. एक टोक अशा जागी धरा की जी वर-खाली होत नाही. देवळाचा जुना दगडी जोता बेस्ट. दुसरं टोक तुमच्या उंबऱ्याला. मग रस्त्याच्या मध्याला, मग गटाराच्या काठाला. तिन्ही मापं वहीत लिहा. रस्त्याचा मध्य उंबऱ्याच्या वर असेल तर भांडायची गरजच नाही, नळीच बोलेल. आणि गटाराचा काठ बघा. तो रस्त्याच्या कडेपेक्षा वर राहिला तर तिथं कठडा तयार होतो, रस्त्याचं पाणी गटारात न जाता तुमच्या दारात जातं. माझा अंदाज, तुमच्याकडं हेच झालंय.

उंबरठा · ८ डिसेंबर, संध्याकाळी ७.३०

ताई, तुमच्या सांगण्यावरून आज रविवारी नळी लावली. गल्लीतली पोरं गोळा झाली, एकानं तोंडानं ओढून पाणी भरलं आणि अर्धं प्यायला. देवळाचा जोता धरून माप काढलं. रस्त्याचा मध्य उंबऱ्याच्या फक्त दोन बोटं खाली. गटाराचा काठ मात्र रस्त्याच्या कडेपेक्षा चार बोटं वर! अंदाज बरोबर. समोरच्या काकू म्हणाल्या, "हे आमाला पावसात दिसतंच की रं, त्याला नळी कशाला?" त्यांचंही खरं.

उंबरठा · १७ डिसेंबर, रात्री ९.५०

सभा झाली. सविस्तर लिहितो, कारण गेल्या वर्षी मी अर्ध्यातून उठून आलो होतो.

अकराची सभा पावणेबाराला सुरू. बेळगावात विधिमंडळाचं अधिवेशन चालू, त्यामुळं निम्मे अधिकारी सुवर्णसौधच्या वाटेवर. नागरिक म्हणून आम्ही चौदा जण, त्यातले पाच माजी नगरसेवक. पहिली वीस मिनिटं हार-शाल. सप्टेंबरात बसलेल्या अध्यक्षांचा सत्कार आणखी किती दिवस चालणार कुणास ठाऊक. मग एका आजोबांनी पथदिव्याचं काढलं: दिवा लागतो, पण सकाळी दहापर्यंत लागलेलाच असतो. त्यावर हेस्कॉम की पुरसभा, टायमर कुणाचा, यात पाऊण तास. कचरागाडीवरच्या एक बाई दारातच उभ्या राहून म्हणाल्या, हातमोजे वर्षात एकदाच मिळतात, पंधरा दिवसांत फाटतात. सगळ्या सभेतलं सगळ्यात नेमकं वाक्य तेच होतं. लिहून घेतलं की नाही, दिसलं नाही.

माझी पाळी आली. मी काकांनी सांगितलं तेवढंच बोललो: "रस्ता खरवडून करायचा होता का, आणि खरवडला का?" जेई तरुण आहे, म्हणाला, "एस्टिमेटमध्ये तरतूद आहे." मी म्हटलं, तरतूद नको, माप सांगा. मुख्याधिकाऱ्यांनी त्याच्याकडं बघितलं, त्यानं फाइलीकडं बघितलं. फाइल दुसऱ्याच कामाची होती. शेवटी "लेखी द्या" आलं. लेखी खिशातच होतं, दोन प्रती. एकीवर शिक्का मारून पोच घेतली.

नोटिशीच्या भाषेचा अर्ज सीमावासींनी केलेला, तोही दिला. एकोणीस सह्या, त्यातल्या सहा कन्नड घरातल्या. अध्यक्षांनी वाचला आणि म्हणाले, "बघू." चहा होता, बिस्किट नव्हतं.

वॉर्ड_तेरा · १७ डिसेंबर, रात्री १०.०२

बिस्किटाचं माझं चुकलं.

बसवेश्वर_गल्ली · १८ डिसेंबर, दुपारी १.३०

अर्ज आज दिला, १३८ शब्द. मागितलंय: एस्टिमेट, एमबीची पानं, अंतिम बिल. कलम २(जे) खाली काम प्रत्यक्ष बघायचा आणि साहित्याचा नमुना घ्यायचा पण हक्क आहे, पण ते या अर्जात घातलं नाही. एक विषय.

तंबाखूपेठ · १८ डिसेंबर, दुपारी २.१०

आता बघा, कॉन्ट्रॅक्टरचं पितळ उघडं पडणार. न खरवडता बिल काढलं असणार, पैज लावतो.

उंबरठा · २१ जानेवारी २०२५, रात्री ९.१५

कागद आले. सहा पानं, पानाला दोन रुपये प्रमाणे बारा रुपये भरले. बसवेश्वर अण्णा आणि मी देवळाच्या कट्ट्यावर बसून वाचले, दोनदा वाचले, कारण पहिल्यांदा पटलं नाही.

एस्टिमेटात खरवडणं आहे. गटाराचा काठ फोडून रस्त्याला जुळवणंही आहे. लांबी ११० मीटर. एमबीत खरवडण्यापुढं शून्य. गटाराच्या काठापुढं शून्य. म्हणजे न केलेल्या कामाचं बिल निघालेलं नाही. पैज हरलास, तंबाखूपेठ. पण डांबराची लांबी ११० च्या जागी १५० मीटर. दोन बाबी गाळल्या, त्यांच्या पैशात रस्ता चाळीस मीटर पुढं गेला. एकूण रक्कम एस्टिमेटाच्या आतच. या बदलाला मंजुरी कुणाची, तो कागद त्यात नाही.

खरं सांगतो, कुणीतरी पैसे खाल्ले असते तर बरं वाटलं असतं. राग कुठं काढायचा ते तरी कळलं असतं. इथं माझी एक पायरी आणि कुणाचा तरी चाळीस मीटर रस्ता असा सौदा झालाय आणि तो करताना मला कुणी विचारलेलं नाही.

निवृत्त_गुमास्ता · २२ जानेवारी, सकाळी ११.००

हे मी शंभरदा बघितलंय. खरवडलेला रस्ता फोटोत दिसत नाही, चाळीस मीटर दिसतात. काठ फोडायला गेलं की दहा घरं भांडायला उठतात, तुमच्या फरशा फुटल्या म्हणून. जेई नवा असला की जे सोपं तेच होतं. बदलाच्या मंजुरीसाठी दुसरा अर्ज करा, तो विषय वेगळा आहे.

तंबाखूपेठ · २२ जानेवारी, रात्री ११.४०

लिहू की नको म्हणून दिवसभर थांबलो. त्या पुढच्या चाळीस मीटरात माझं दुकान आहे. नगरसेवकाच्या मागं मीच लागलो होतो, "एवढं पुढं ओढा की, गिऱ्हाईक चिखलातनं येतंय." तो म्हणाला बघतो आणि झालं पण. मला वाटलं आपलं वजन आहे. तुमच्या पायऱ्यातनं आलंय हे ठाऊक नव्हतं. वर जे हसलो ते मागं घेतो.

उंबरठा · २३ जानेवारी, सकाळी ६.५०

उद्या दुकानात येतो. चहा तुझा.

सिव्हिलवाली · २३ जानेवारी, सकाळी १०.२०

दोघं एकत्रच अर्ज द्या. १५० मीटर खरवडून लेव्हल करायची मागणी दोन्ही टोकांच्या सह्यांनी गेली तर "पुढच्यांचा विरोध आहे" म्हणायला जागा राहत नाही. आणि पुढच्या एस्टिमेटात तयार रस्त्याची उंची देवळाच्या जोत्यापासून किती, हे लिहून मागा. जाडी सगळेच लिहितात, उंची कुणी लिहीत नाही.

सीमावासी · १४ फेब्रुवारी, संध्याकाळी ५.४५

नोंद घ्या: पुरसभेच्या दारात ई-खात्याच्या (मालमत्तेच्या ऑनलाइन नोंदीच्या) मोहिमेचा फलक लागलाय. कन्नडमध्येच. खाली कुणीतरी मराठीत चिठ्ठी चिकटवली आहे, कुठले कागद लागतात त्याची. अक्षर बायकी आहे. आतलंच कुणीतरी असणार. फाडलेली नाही अजून.

बसवेश्वर_गल्ली · १४ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.१०

मामा, फोटो काढून ठेवा. आणि घरफाळा एप्रिलमध्ये भरा, ५ टक्के सूट मिळते. जुलैपासून महिन्याला २ टक्के दंड. हे पण चिठ्ठीत घालायला सांगा त्यांना.

उंबरठा · २३ मार्च, रात्री ८.३०

बजेट मंजूर झालं. पुस्तक बघायला मिळालं, लेकीनं आणि मी बोट ठेवून शोधलं. आमची गल्ली 'मुंदुवरिद कामगारि'त आहे: रस्ता खरवडणे व चरंडीचा काठ जुळवणे, १५० मीटर. रक्कम सिव्हिलवाली ताईंच्या हिशेबापेक्षा कमी आहे, त्यामुळं पुन्हा काहीतरी गळणार ही भीती आहेच. बदलाच्या मंजुरीच्या अर्जाला उत्तर नाही, पहिलं अपील उद्या टाकतोय. हातमोजे पुस्तकात दिसले नाहीत, पण सामानाच्या मोठ्या आकड्यात असतील तर कळणार कसं?

जेई काल स्वतः येऊन गेला. टेप घेऊन आला होता, नळी आमच्याकडचीच वापरली. तंबाखूपेठनं दुकान बंद करून दुसरं टोक धरलं. उंबऱ्यापासून रस्त्याच्या मध्यापर्यंत सव्वा इंच. जेईनं डायरीत लिहिलं, मी दाराच्या चौकटीवर आतल्या बाजूनं पेन्सिलीनं लिहिलं, तारखेसकट. आई म्हणाली, चौकट का घाण केलीस.